भिंगामागची जागा

शब्दांचे दैव मोठे चमत्कारिक असते. आज ज्या कॅमेऱ्याला 'फुल-फ्रेम', म्हणजे पूर्ण चौकटीचा, म्हणून गौरविले जाते त्याच्या चौकटीचे माप २४ मिलिमीटर बाय ३६ मिलिमीटर इतके असते. हेच माप घेऊन १९२५ साली एक कॅमेरा बाजारात आला, तेव्हा जाणत्या मंडळींना तो खेळण्यासारखा वाटला. ज्यांच्या हाती तळहाताएवढ्या काचेच्या प्लेटा होत्या त्यांना टपालाच्या तिकिटाहून थोडी मोठी अशी ती चौकट क्षुल्लक वाटावी, यात नवल नव्हते. तिला नावही 'लघुचित्रा'चेच मिळाले. पुढे त्याहून लहान चौकटींचे कॅमेरे निघाले, आणि त्यांच्या पंक्तीस बसताच कालची लघु चौकट आज पूर्ण ठरली. माप तेच राहिले, शेजार बदलला.

या पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यातून गेल्या काही वर्षांत आरसा नाहीसा झाला. त्यामुळे कॅमेऱ्याचे अंग सडपातळ झाले. परंतु त्याच्या तोंडाशी बसविलेली लेन्स मात्र पुष्कळदा पाण्याच्या तांब्याएवढी असते. मग ज्याला कॅमेरा नित्य जवळ बाळगावयाचा आहे तो लहान लेन्सच्या शोधास लागतो, आणि हिंडत हिंडत हाताने फोकस करावयाच्या लेन्सपाशी येऊन पोहोचतो. येथे त्याच्यापुढे नावांचे अरण्य उभे राहते: जर्मन, जपानी, रशियन, साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या आणि कालपरवाच्या. यांतील कोणती घ्यावी? याचे उत्तर किमतीच्या यादीपेक्षा इतिहासात अधिक नीट सापडते, असे मला वाटते. कारण लेन्स किती मोठी असावी हे ती एकटी ठरवीत नाही. तिच्यामागे किती जागा मोकळी आहे आणि त्या जागेत काय उभे आहे, यावर ते ठरते. लहान लेन्सचा इतिहास हा वस्तुतः त्या मागच्या जागेचा इतिहास आहे.

१

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. आपण जिला लेन्स म्हणतो ते एक भिंग नसते; ती अनेक भिंगांची माळ असते. एकच बहिर्गोल भिंग घेतले तर चित्र मध्यभागी बरे आणि कडांना पुसट येते, रंगांच्या किनारी दिसतात, सरळ भिंत वाकते. हे दोष एकमेकांकडून फेडून घेण्यासाठी निरनिराळ्या काचांची भिंगे एकापुढे एक मांडावी लागतात. किती कमी भिंगांत हे साधते, यावर लेन्सचे वजन अवलंबून.

यॉर्कच्या टी. कुक अँड सन्स या दुर्बिणी बनविणाऱ्या पेढीतील हॅरोल्ड डेनिस टेलर यांनी १८९३ साली या प्रश्नाचे अतिशय काटकसरीचे उत्तर दिले. बाहेर दोन बहिर्गोल भिंगे, मध्ये एक अंतर्गोल, आणि त्यांच्यामध्ये मोजून ठेवलेली हवा. केवळ तीन भिंगांत त्यांनी कडेपर्यंत स्पष्ट चित्र मिळविले. हवा हीही लेन्सचा एक अवयव असते, हे त्यांच्या रचनेने स्पष्ट दाखविले. येना येथील त्साइस कारखान्यातील पाउल रुडोल्फ यांनी १९०२ साली जी 'टेसार' काढली तिची मांडणीही अशीच तीन गटांची. फरक इतकाच की शेवटच्या भिंगाच्या जागी दोन भिंगे चिकटवून बसविली होती. तीन गट, चार भिंगे. पुढल्या शतकभर जगातील असंख्य लहान लेन्स याच घराण्यात जन्मास आल्या.

याच रुडोल्फ यांनी त्याआधी, १८९६ साली, 'प्लानार' नावाची सहा भिंगांची सममित लेन्स रचली होती. गुणांनी ती टेसारहून थोर होती. परंतु तिचे भाग्य चाळीस वर्षे उघडले नाही. काचेचा पृष्ठभाग हवेला भिडतो तेथे सुमारे चार-पाच टक्के प्रकाश परत फिरतो. प्लानारमध्ये असे आठ पृष्ठभाग होते. म्हणजे चतुर्थांशाहून अधिक प्रकाश वाटेतच फिरे, आणि तो परतलेला प्रकाश भिंगाभिंगांत भटकून चित्रावर धुके पसरवी. टेसारमध्ये असे पृष्ठभाग सहाच होते. म्हणून थोर लेन्स कपाटात राहिली आणि काटकसरी लेन्स जगभर गेली.

२

वेट्सलार गावी अर्न्स्ट लाइट्स यांचा सूक्ष्मदर्शक बनविण्याचा कारखाना होता. १९११ साली तेथे ऑस्कर बार्नाक नावाचे कुशल यंत्रकार रुजू झाले. बार्नाक यांना छायाचित्रणाचा मोठा नाद. परंतु दम्याचा विकार. लाकडी पेटी, तिकाटणे आणि काचेच्या प्लेटांचे ओझे घेऊन डोंगर चढणे त्यांच्या छातीला मानवत नसे. या अडचणीतूनच १९१३-१४ च्या सुमारास त्यांनी चित्रपटाची फिल्म आडवी चालविणारा, खिशात मावेल असा कॅमेरा स्वतःपुरता घडविला. चित्रपटाची चौकट १८ बाय २४ मिलिमीटरची. तिची दुप्पट ती २४ बाय ३६. लहान निगेटिव्ह घ्यावयाचे आणि मग ते मोठे करून छापावयाचे, ही त्यांची कल्पना.

कल्पना सोपी, पण तिचा सगळा भार लेन्सवर पडला. निगेटिव्ह दहापट मोठे करावयाचे म्हटले की लेन्सचा दोषही दहापट मोठा होतो. ही जबाबदारी त्याच कारखान्यातील माक्स बेरेक यांनी उचलली. पहिल्या काही कॅमेऱ्यांवर त्यांची पाच भिंगांची लेन्स होती. लवकरच तिची जागा चार भिंगांच्या 'एल्मार'ने घेतली. तिचे नाभ्यंतर, म्हणजे दूरचे दृश्य जेथे स्पष्ट उमटते तेथपर्यंतचे अंतर, ५० मिलिमीटर. आणि छिद्र एफ/३.५. नाभ्यंतरास या एफ-अंकाने भागले की छिद्राचा व्यास मिळतो. तो येथे येतो जेमतेम चौदा मिलिमीटर. एवढ्याशा छिद्राला मोठी काच कशाला लागणार? ही लेन्स नळीसह मागे ढकलली की कॅमेऱ्याच्या पोटात शिरे आणि कॅमेरा कोटाच्या खिशात जाई.

ती पोटात शिरू शके, कारण तिच्यामागे काहीही नव्हते. मागे होती ती फिल्म आणि तिच्यापुढचा पातळ पडदा. १९३१ च्या सुमारास लाइट्स यांनी लेन्स बदलता यावी म्हणून आट्यांची बैठक ठरवून टाकली. त्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर होते २८.८ मिलिमीटर. १९५४ साली 'एम३' कॅमेऱ्यासाठी नवी बैठक आली तेव्हा हे अंतर २७.८ करण्यात आले. म्हणजे जुन्या लेन्सच्या मागे बरोबर एक मिलिमीटरचे कडे लावले की ती नव्या कॅमेऱ्यावर बसे. पूर्वीच्या गिऱ्हाइकाची लेन्स फुकट जाऊ नये एवढा विचार त्या एका मिलिमीटरात होता.

याच काळात त्साइसकडील लुडविग बेर्टेले यांनी 'सोनार' रचली. एफ/१.५ इतक्या मोठ्या छिद्राची लेन्स सहा-सात भिंगांची असूनही त्यांनी ती तीनच गटांत चिकटवून बसविली, कारण हवेला भिडणारे पृष्ठभाग सहाच ठेवावयाचे होते. १९३५ साली त्साइसच्याच आलेक्सांडर स्माकुला यांनी भिंगांवर अतिपातळ लेप देऊन परावर्तन कमी करण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. युद्धानंतर हा लेप सार्वत्रिक झाला, आणि कपाटात पडलेल्या प्लानारच्या घराण्याला चांगले दिवस आले.

युद्धाने या विद्येचे वाटेही केले. कॉन्टॅक्स कॅमेऱ्याची यंत्रसामग्री सोव्हिएत अमलाखाली कीव्हला गेली, आणि सोनारची रचना 'ज्युपिटर' या नावाने पुन्हा जन्मास आली. लायकाच्या नमुन्यावर 'फेड' हा कॅमेरा तर खार्किव्ह येथे १९३४ पासूनच निघत होता. जपानात कॅनन आणि निप्पॉन कोगाकू यांनी याच जर्मन घराण्यांचा अभ्यास करून आपल्या लेन्स घडविल्या. १९५० साली 'लाइफ' साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांनी टोकियोत निक्कोर लेन्स पाहिल्या, कोरियाच्या युद्धात त्या वापरल्या, आणि अमेरिकेचे लक्ष जपानी लेन्सकडे वेधले.

या लहान लेन्सनी काय साधले, याची साक्ष आपल्या राजधानीतच आहे. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी गांधीजींची हत्या झाल्यावर बिर्ला भवनाच्या फाटकाशी जमलेल्या लोकांना पंडित नेहरू ती वार्ता सांगत आहेत, हे आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे छायाचित्र प्रसिद्धच आहे. त्यांचे आयुष्यातील बहुतेक काम लायकावर आणि ५० मिलिमीटरच्या लेन्सवर झाले. त्या अपुऱ्या उजेडातील चित्रात रेषा धूसर आहेत. परंतु त्या गर्दीत तिकाटणे उभे करून बसणाऱ्याला ते चित्र मिळाले नसते.

३

मग लेन्स मोठ्या का झाल्या? कारण त्यांच्यामागच्या मोकळ्या जागेत आरसा येऊन उभा राहिला.

लायकासारख्या कॅमेऱ्यात पाहण्याची खिडकी वेगळी आणि चित्र घेणारी लेन्स वेगळी असे. जवळच्या वस्तूंच्या बाबतीत दोघांचे दृश्य जुळत नसे, आणि लांब नाभ्यंतराच्या लेन्स लावल्या की अडचण वाढे. लेन्समधूनच पाहावयाचे तर तिच्यामागे तिरका आरसा ठेवून प्रकाश वर वळवावा लागतो आणि चित्र घेण्याच्या क्षणी तो आरसा बाजूस करावा लागतो. ड्रेस्डेन येथे १९३६ साली 'किने एक्साक्टा' या कॅमेऱ्याने ३५ मिलिमीटर फिल्मवर हे केले. १९४९ साली 'कॉन्टॅक्स एस'ने वर पंचकोनी लोलक बसवून चित्र सुलटे दाखविले. १९५९ साली 'निकॉन एफ' आला आणि पुढील पन्नास वर्षे आरशाचेच राज्य झाले.

आरशाला हलावयास जागा हवी. निकॉनच्या बैठकीचे फिल्मपासूनचे अंतर ४६.५ मिलिमीटर ठरले. इतर कारखान्यांचेही बहुधा ४२ ते ४७ च्या दरम्यान. ज्या लेन्सचे नाभ्यंतर ५० आहे तिला ही जागा कशीबशी पुरे. आरशाच्या आरंभीच्या अनेक कॅमेऱ्यांवरील मोठ्या छिद्राच्या नेहमीच्या लेन्स ५० ऐवजी ५८ मिलिमीटरच्या असत, त्यामागे हीच ओढाताण होती. पण रुंद दृश्य घेणाऱ्या, २८ किंवा २१ मिलिमीटर नाभ्यंतराच्या लेन्सचे काय? तिने फिल्मच्या जवळ जावे ही तिची प्रकृती. आणि वाटेत आरसा.

यावर प्रथम जो तोडगा निघाला तो पाहण्यासारखा आहे. निकॉनने आपल्या पहिल्या २१ मिलिमीटर लेन्ससाठी आरसा वर उचलून तसाच अडकवून ठेवावयास लावले, आणि पाहण्यासाठी डोक्यावर वेगळी खिडकी दिली. ज्या आरशासाठी एवढा खटाटोप केला तोच मिटवून टाकला! खरा मार्ग पॅरिसचे पिएर आंजेन्यू यांनी १९५० साली 'रेट्रोफोकस' या ३५ मिलिमीटर लेन्सने दाखविला होता. पुढे एक मोठे अंतर्गोल भिंग ठेवावयाचे. ते येणारा प्रकाश आधी फाकविते, मागचे भिंग मग तो गोळा करते, आणि चित्र लेन्सपासून लांब पडते. जणू दुर्बीण उलटी धरली. मागे जागा मिळाली. परंतु पुढची काच वाढली, त्या काचेचे दोष फेडण्यासाठी आणखी भिंगे आली आणि लेन्स जड झाली. लेन्सच्या लठ्ठपणाचे मूळ येथे आहे.

या प्रवाहाविरुद्ध उभे राहणारेही निघाले. ऑलिंपसचे योशिहिसा माइतानी यांनी १९७२ साली आरशाचाच, परंतु लहान असा 'एम-१' कॅमेरा काढला. लायकाच्या आक्षेपानंतर त्याचे नाव 'ओएम-१' झाले. त्याच्या २१, २८, ३५ आणि ५० मिलिमीटरच्या साध्या छिद्राच्या झुइको लेन्सना ४९ मिलिमीटरचा एकच फिल्टर चाले, इतकी त्यांची तोंडे नेमस्त होती. १९७६ साली पेंटॅक्सने एक ४० मिलिमीटरची लेन्स काढली तिची लांबी केवळ १८ मिलिमीटर होती, थालीपिठासारखी चपटी. परंतु १९८५ साली मिनोल्टाने आपोआप फोकस करणारा कॅमेरा यशस्वी केला, लेन्सच्या पोटात किंवा पाठीशी यंत्रे आली, आणि लहानपणाची ही चळवळ मागे पडली.

४

२०१३ साली सोनीने 'ए७' हा पूर्ण चौकटीचा आरसाविरहित कॅमेरा आणला. लेन्समधून आलेले चित्र सेन्सरच विजेच्या पडद्यावर दाखवू लागल्यावर आरशाचे काम संपले. बैठकीचे अंतर १८ मिलिमीटरवर आले. २०१८ साली निकॉनने ते १६, तर कॅननने २० ठेवले. म्हणजे जगातील जवळजवळ प्रत्येक जुन्या लेन्सच्या मागे आता रिकामी जागा उरली, आणि ती भरून काढणारे पोकळ कडे, अर्थात अडॅप्टर, लावले की एल्मारपासून झुइकोपर्यंत कोणतीही लेन्स एका कॅमेऱ्यावर बसू लागली.

येथे पहिला हिशेब करावा. लायकाच्या बैठकीची लेन्स सोनीवर लावावयास २७.८ वजा १८, म्हणजे दहा मिलिमीटरहून किंचित कमी जाडीचे कडे लागते. ऑलिंपसची लेन्स लावावयास मात्र २८ मिलिमीटरचे. पेंटॅक्सची ती चपटी लेन्स घेतली तर कडे साडेसत्तावीस मिलिमीटरचे आणि लेन्स अठराची! गेलेल्या आरशाची जागा आपण अशा रीतीने नळीत भरून बरोबर वागवितो. लहानपण हाच हेतू असेल तर आरशाच्या काळातील लेन्स स्वस्त असूनही पुष्कळदा आपला हेतू साधत नाही. आरशावाचूनच्या काळातील लेन्स साधते.

इतक्यावर गोष्ट संपती तर फारच सोपे झाले असते. पण मागची जागा पुरती रिकामी नाही. सेन्सरपुढे काचेचे पातळ आवरण असते. ते अवरक्त किरण अडविते आणि सेन्सरचे रक्षण करते. पुष्कळशा आरसाविरहित कॅमेऱ्यांत त्याची जाडी सुमारे दोन मिलिमीटर असते. सरळ येणाऱ्या प्रकाशाला त्याने फारसे बिघडत नाही. परंतु लायका-कॉन्टॅक्सच्या काळातील रुंद दृश्याच्या सममित लेन्सचे शेवटचे भिंग फिल्मच्या अगदी जवळ असे, आणि तिच्यातून निघालेला प्रकाश चौकटीच्या कडेला फार तिरपा पोहोचे. फिल्मला त्याचे वावडे नव्हते. सेन्सरपुढील काचेतून मात्र तिरपा किरण सरकून जातो, आणि कडेची पाने, विटा, अक्षरे फासल्यासारखी दिसतात. कधी कडांना जांभळट छटाही येते. फिल्मवर जिने कीर्ती मिळविली तीच लेन्स नव्या कॅमेऱ्यावर कडांना हार खाते. दोष तिच्या कारागिरीचा नव्हे. तिच्यामागे अशी काच असेल हे तिच्या कर्त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते.

ही काच पातळ करावी तर? लायकाने २००६ साली 'एम८' कॅमेऱ्यात, आपल्या जुन्या लेन्सचा मान राखण्यासाठी, तेच केले. तेव्हा अवरक्त किरण आत शिरू लागले आणि काळे कृत्रिम कापड चित्रात जांभळे दिसू लागले. ग्राहकांना लेन्सच्या तोंडावर लावावयाचे फिल्टर पुरवावे लागले. २००९ च्या पूर्ण चौकटीच्या 'एम९' मध्ये ही तडजोड अधिक नीट साधली. दुसरा उपाय लेन्सच बदलण्याचा. जपानच्या कोसिना कंपनीने फोइग्टलँडर हे जुने नाव घेऊन १९९९ साली १५ मिलिमीटरची इवलीशी लेन्स काढली होती. फिल्मवर ती उत्तम चाले. सेन्सरवर तिच्या कडा रंगत. २०१५ साली तिची नवी, सेन्सरला मानवणारी आवृत्ती निघाली. कडा निर्दोष झाल्या आणि लेन्स चांगलीच मोठी व जड झाली. त्साइसने २०१४ साली 'लॉक्सिया' मालिका सोनीच्याच बैठकीवर, हाताच्या फोकसची आणि ५२ मिलिमीटरच्या समान तोंडाची अशी काढली, तिच्यामागेही हाच विचार होता.

५

या इतिहासातून निवडीचे नियम आपोआप निघतात.

नाभ्यंतर ४० ते ५० मिलिमीटर हवे असेल तर जुन्या लेन्सवर निर्धास्त विश्वास टाकावा. या मापात किरण फार तिरपे होत नाहीत आणि सेन्सरपुढची काच विशेष आड येत नाही. एल्मारच्या घराण्यातील चार भिंगांची लेन्स किंवा सोनारच्या घराण्यातील ज्युपिटर-८ आजही सुंदर चित्र देते. ३५ ला सावध राहावे. स्वतःच्या कॅमेऱ्यावर कडा तपासूनच घ्यावी. २८ आणि त्याखाली जावयाचे तर सेन्सरसाठी रचलेली नवी लेन्स घ्यावी, किंवा आरशाच्या काळातील रेट्रोफोकस घराण्याची. येथे एक विनोद घडतो: आरशाने जिला लांब उभे राहावयास लावले, तिचे किरण सेन्सरवर सरळ पडतात, म्हणून त्या जड लेन्सच्या कडा चांगल्या येतात. आरशाने दिलेली शिक्षा तिच्या कामी आली.

दुसरा नियम छिद्राचा. ५० मिलिमीटरच्या एफ/१.२ लेन्सला जवळजवळ बेचाळीस मिलिमीटर व्यासाचे छिद्र लागते, एफ/२ ला पंचवीस, एफ/३.५ ला चौदा. वजन या क्रमाने उतरते. एफ/१.४ ची लेन्स एफ/३.५ पेक्षा सहापट प्रकाश घेते हे खरे. बार्नाक यांच्या काळी फिल्म इतकी मंद होती की हा सहापटीचा फरक चित्र मिळणे आणि न मिळणे यांमधला असे. आजचा सेन्सर ती तूट आपल्या संवेदनशीलतेने पुष्कळशी भरून काढतो. मोठ्या छिद्राचे खरे कारण आता पार्श्वभूमी विरघळविणे एवढेच उरते. ज्याला माणसाबरोबर त्याची गल्ली, त्याचे दुकान, त्याच्यामागची भिंतही दाखवावयाची आहे त्याला एफ/२ ते एफ/३.५ पुरे होते.

तिसरा नियम हाताचा. हाताने फोकस करणे म्हणजे प्रत्येक चित्रासाठी झगडणे, असा समज आहे. जुन्या लेन्सच्या नळीवर अंतराचे आकडे आणि स्पष्टतेच्या मर्यादेच्या खुणा कोरलेल्या असतात त्या याचसाठी. ३५ मिलिमीटरची लेन्स एफ/८ वर ठेवून पाच मीटरच्या खुणेला लावली की अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व काही स्पष्ट येते. दिवसाउजेडी रस्त्यात मग कड्याला हातही लावावा लागत नाही. अंधारात किंवा जवळच्या चेहऱ्यासाठी कॅमेरा चित्राचा तुकडा मोठा करून दाखवितो. येथे नव्याने जुन्याचे एक उणेही भरून काढले आहे. सोनार जातीच्या लेन्सचा फोकस छिद्र लहान केले की किंचित सरकतो. रेंजफाइंडरच्या खिडकीत हे कधीच दिसत नसे. सोव्हिएत लेन्सची फोकसची मापे लायकाच्या रेंजफाइंडरशी नेमकी जुळत नसत. आरसाविरहित कॅमेऱ्यात जे सेन्सरवर पडते तेच डोळ्याला दिसते, म्हणून हे दोन्ही दोष बाधत नाहीत. मात्र अंगणात धावणारी मुले किंवा लग्नातील घाई, यांसाठी आपोआप फोकस करणारी लेन्सच बरी, हेही मान्य करावयास हवे. आणखी एक मर्यादा: रेंजफाइंडरच्या लेन्स बहुधा सत्तर सेंटिमीटर ते एक मीटर यांहून जवळ येत नाहीत. फूल-पाकळी टिपावयाची असेल तर लांब-आखूड होणारे कडे घ्यावे.

आपल्या देशात जुनी लेन्स घेणाराने चौथा नियम विसरू नये. पावसाळ्याच्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तिचे तंतू लेपात मुळे रोवतात. लेन्सचे छिद्र पूर्ण उघडून मागून बॅटरीचा झोत टाकावा आणि पुढून पाहावे. धुके, बुरशी, चिकटविलेल्या भिंगांमधला सुटलेला डिंक, सर्व एका क्षणात दिसते. चौदा मिलिमीटरच्या छिद्रापुढे नाण्याएवढी बुरशी म्हणजे मोतीबिंदूच. युद्धपूर्व लेन्सला लेप नसतो. तिच्या तोंडावर टोपण घालावे आणि सूर्य समोर घेऊ नये. वापर नसेल तेव्हा लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

लहान लेन्स ही मोठ्या लेन्सची गरीब बहीण आहे, असा एक ग्रह बाजाराने रूढ केला आहे. महिन्याच्या पगारात बसेल तेवढीच चैन करणाऱ्या माणसाला त्यामुळे आपण दुय्यम वस्तू घेतली अशी रुखरुख लागून राहते. इतिहास पाहता तिला आधार नाही. टेलर यांनी तीन भिंगांत जे साधले ते दारिद्र्य नव्हते, हिशेब होता. बेरेक यांची चौदा मिलिमीटरची खिडकी कमकुवतपणा नव्हता. दम्याने बेजार माणसाला डोंगरावर नेता येईल एवढीच काच घ्यावयाची, असा तो निर्णय होता. मोठी लेन्स जे देते ते खरेच देते, आणि त्याची किंमत खांद्याकडून वसूल करते. प्रत्येकाने आपला खांदा आणि आपली वाट पाहून हा व्यवहार करावा.

एवढे मात्र आधी करावे. लेन्सचे नाव व कीर्ती विचारण्यापूर्वी ती कोणत्या बैठकीची आहे, कडे किती जाड लागेल, आणि ती रचली तेव्हा तिच्यामागे आरसा होता, मोकळी हवा होती की सेन्सरची काच होती, हे विचारावे. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की त्या अरण्यातली बहुतेक नावे आपोआप गळून पडतात, आणि उरतात त्या दोन-चार लेन्सपैकी कोणतीही निश्चिंत मनाने घ्यावी.